पापणी न उघडता

हिंगोलीतल्या आमच्या सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर चपला साचतात, तसे किस्सेही साचतात. चपला लोक जाताना घालून जातात. किस्से माझ्याजवळ राहतात.

माझं काम म्हणजे पेशंटला धरून नेणं, मशीनच्या फळीवर निजवणं आणि भिऊ नका म्हणणं. शाळा चौथीपर्यंतची, पण एवढ्याला पुरते. सगळे मला मामा म्हणतात. डोळ्याला मोठा मार लागलेला माणूस आला की डॉक्टर मॅडम स्कॅन करतात. हाड मोडलं का, आत काही घुसलं का, ते पापणी न उघडता कळतं.

*

कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर टायर बदलताना पाना उसळून एका ड्रायव्हरच्या डोळ्यावर बसला. सोबत्याने फोन केला. मॅडम म्हणाल्या, "डोळा अजिबात दाबू नका. वरून कागदी कप पालथा घाला, चिकटपट्टी लावा आणि घेऊन या."

गडी आला तो डोळ्यावर चहाचा कप लावूनच!

"कप कोरा होता ना?" मॅडमनी विचारलं.

"एकदम कोरा!" सोबती म्हणाला. "ह्यो तर म्हणून राहिला होता, आधी च्या पिऊ, मग लावू!"

डोळ्याखालचं हाड मोडलं होतं. डोळा शाबूत होता.

*

शेळ्या राखणाऱ्या एका आजीला शिंग लागलं. डोळा सुजून गच्च मिटलेला. मी म्हटलं, "आजी, उघडायचा न्हाई. मशीनला आतलं तसंच दिसतं."

"व्हय? मग माझ्या सुनेला बी निजवा इथं. पोटात काय ठेवून राहिली, ते कळंल!"

सून दाराशीच उभी होती. ती म्हणाली, "मामा, मला मागाहून निजवा. आधी आत्याबाईचा डोळा वाचला का, ते सांगा."



*

एका पुढाऱ्याचे मेव्हणे आले. वेल्डिंगच्या दुकानात काहीतरी उडून डोळ्यात गेलेलं. सोबतचा माणूस ओरडायला लागला, "सगळ्यात भारी मशीन लावा! एमआरआय करा! पैशाचं बघू नका!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ते चुंबकाचं मशीन आहे. डोळ्यात लोखंड असलं तर ते जागचं हलेल. डोळाच जायचा."

त्याने आमच्या मशीनवर थाप मारली. मग म्हणाला, "मग हेच भारी हाये!"

*

डोळ्यातला कचरा जिभेने काढणारी एक म्हातारी होती. गावात तिचं नाव होतं. एकदा काच लागलेल्या पुतण्याला तीच घेऊन आली. मॅडम आधी तिच्यावर रागावल्या, "असं जिभेनं कधी काढू नका, डोळा सडतो!" मग तिला पडद्यावर खोल रुतलेला काचेचा कण दाखवला.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. "न्हाई बाई, एवढ्या आत माझी जीभ न्हाई पोचत. मशीन हुशार हाये." मग एसीकडे बघून म्हणाली, "पन लई थंड! लेकरू कापून राहिलं हो."

त्या दिवसापासून मी पेशंटच्या अंगावर चादर घालतो.

*

डोंगरकडा गावाहून एक आजोबा आले. शेळ्यांची मेख ठोकताना लोखंडाची कपची उडून डोळ्यात गेली होती. त्यांची म्हातारी सोबत होती, तोंडात पदर धरून कोपऱ्यात उभी.

"कोण ठोकत होतं?" मॅडमनी विचारलं.

"मीच. दोन्ही हातानं घण हाणला."

"मग मेख कुणी धरली?"

आजोबांनी विचार केला. "शेळीनं."

म्हातारीला रडू फुटलं. "खोटं बोलून राहिले! घण माझ्या हातात होता!"

"हिचं ऐकू नका," आजोबा म्हणाले. "हिला घण उचलत न्हाई."

पडद्यावर डोळ्याच्या आत तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. मॅडमनी नांदेडच्या दवाखान्यात फोन लावला, "आजच काढावं लागेल." म्हातारीने माझा हात धरला. "मामा, ह्यांना दिसंल ना?"

मी आजोबांच्या अंगावरची चादर नीट केली.

काही महिन्यांनी दोघं मॅडमना भेटायला आली. मी विचारलं, "आजोबा, दिसतं का?"

आजोबांनी चांगला डोळा तळहाताने झाकला आणि म्हातारीकडे तोंड केलं. कितीतरी वेळ बघत राहिले.

"हसून राहिलीस का रडून, ते न्हाई समजत. पन तू हायेस, एवढं बराबर दिसतंय."

म्हातारीने पदराने डोळे पुसले.

"मी हसूनच राहिले, समजा!"