तात्यांसाठी पिठलं-भाकरी

आधी चहा संपवा, मग सांगतो. मधेच हसलात तर अंगावर सांडेल आणि आमच्या हिला वाटेल, मीच काहीतरी घोटाळा केला. तसं तिचंही चुकत नाही म्हणा. माझ्या जन्मातला सगळ्यात मोठा घोटाळा मी तिच्याच हातच्या पिठल्यावर केलाय.

मी एसटीत कंडक्टर होतो. आता रिटायर. पण घाई काही गेली नाही. माणूस पायरीवर असला तरी बेल मारून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी खोड. सगळं झालं ते त्या खोडीपायी.

आम्ही राहतो जुन्नरला, गावाच्या कडेला. वीस-बावीस रो-हाउस, सगळी भिंतीला भिंत लावून. एका घरात मिरचीची फोडणी पडली की सहा घरं शिंकतात. आमच्या डाव्या हाताला तात्या. मूळचे घाटघरचे, ऐंशी कधीच ओलांडलेली. दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून सकाळपासून बसणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेणार. मला तर रोजचं ठरलेलं, "काय कंडक्टर, आज गाडी लेट?" मी आपला दुधाची पिशवी आणायला निघालेला असायचो.

तात्यांचा जीव दोन गोष्टींत. एक नात शीतल, दुसरा दारातला शेवगा. शीतलचं लग्न चार ठिकाणी जमता जमता मोडलेलं, म्हातारा त्यानं आतून खचलेला. आणि शेवग्याच्या शेंगा रोज दोन-चार गायब व्हायच्या. तात्या काठी आपटून माकडांच्या खानदानाचा उद्धार करायचे. शेंगांचं पुढं येईलच, जरा दम धरा.

तर गेल्या थंडीत तात्या न्हाणीत घसरले. दवाखान्यात ठेवलं. नेमकं त्याच दिवशी आम्हा दोघांना मुलीकडं मढला जावं लागलं. तिथं फोनला रेंज मिळेना. दोन दिवस नुसती तगमग. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी एसटीनं परत आलो. गल्लीच्या तोंडाशी पाऊल टाकलं आणि काळजात धस्स झालं.

तात्यांच्या दारात दोन जीपा उभ्या. चपलांचा ढीग. अंगणात सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर पंधरा-वीस पांढऱ्या टोप्या, सगळ्या खाली मान घालून. कुणी कुणाशी बोलत नाही. मधोमध तात्यांचा मुलगा दत्तू, पांढरा सदरा, कपाळाला हात. आणि तात्यांची खुर्ची भिंतीशी उपडी घातलेली.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असतात?

विचारायचं होतं म्हणता? नाही राव. आमच्याकडं अशा दारात काय झालं म्हणून कुणी विचारत नाही. मान हलवायची, गुपचूप बसायचं. ही म्हणाली, दत्तूला निदान फोन तरी करा. मी तिच्यावर खेकसलो. असल्या वेळी फोन करतात का? चूल पेटली नसेल त्या घरात, पिठलं-भाकरी आपणच न्यायची, शेजारधर्म आहे! बिचारी प्रवासाच्या साडीवरच पीठ मळायला बसली. डोळ्यांतून पाणी आणि तव्यावर भाकरी.

तेवढ्यात मी मोबाइल काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, "आपले तात्या गेले."

मारली बेल.

भराभर हात जोडलेले इमोजी आले. एकानं लिहिलं, अरेरे, परवाच माझ्याशी भांडले होते. उजव्या हाताचे रफिकभाई टेलर डोळे पुसत आले. तात्यांचे लेंगे तेच शिवायचे. म्हणाले, नाडी घालायला दिलेला लेंगा तसाच राहिला हो. अर्ध्या-पाऊण तासात आमच्या दारात दहा-बारा माणसं जमली. कुणी पाण्याचा जार आणला, बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. पुढं मी पिठल्याचं पातेलं घेऊन, मागं रफिकभाई भाकऱ्यांची टोपली घेऊन, आणि त्यांच्या मागं सगळी गल्ली. अशी आमची वरात निघाली.

सतरंजीवरच्या मंडळींनी सरकून जागा दिली. एक पिळदार मिशांचे पाहुणे माझ्याकडं टक लावून बघत होते. मी पातेलं खाली ठेवून त्यांचा हात हातात घेऊन दाबला. त्यांनीही दाबला, पण जरा बिचकतच. मग मी दत्तूजवळ टेकलो. त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काका, तुमी? आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी येणार, दत्तू?" म्हटलं आणि त्याला मिठी मारली.

खोटं नाही सांगत, मला खरंच रडू फुटलं. उद्यापासून मला गाडी लेट का म्हणून कोण विचारणार? रडताना माणसाच्या तोंडाला ब्रेक नसतो. मी म्हणालो, तात्या, तुमच्यासारखा शेजारी होणे नाही. पुढं म्हणालो, तात्या, मला माफ करा. आणि मग सगळ्या सतरंजीसमोर मी हुंदके देत कबूल केलं, "तात्या, तुमच्या शेवग्याच्या शेंगा माकडं नेत नव्हती हो! मीच नेत होतो!"

आतल्या खोलीतून आवाज आला, "तरीच!"

मी दत्तूला सोडलं. मागं रफिकभाईंच्या हातून टोपली सुटता सुटता राहिली. टक, टक, टक करत वॉकर आला आणि त्याच्या मागून तात्या. कोरं धोतर, कडक टोपी, अंगाला अत्तराचा वास.

मग दत्तूनं दबक्या आवाजात सांगितलं ते असं. तात्यांना आदल्या रात्रीच घरी आणलेलं. आज शीतलच्या लग्नाची बैठक होती, शिनोलीचे पाहुणे आलेले. आधीची चार मोडली म्हणून गल्लीत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मुलगा-मुलगी पसंत, सगळं पसंत, फक्त लग्न कुणाच्या दारात लावायचं यावर गाडी अडली होती. कुणी मागं हटेना, म्हणून सगळे मान घालून गप्प बसलेले. आणि खुर्ची? म्हातारा बाहेर बसून पाहुण्यांची हजेरी घेईल, म्हणून दत्तूनंच उपडी ठेवलेली.

मिशीवाले म्हणजे मुलाचे वडील. त्यांच्याकडची एक बाई दारातून म्हणाली, "शुभ कामात हे कसलं लक्षान म्हनायचं?" दोघं-तिघं चपला शोधायला उठलेसुद्धा. स्वयंपाकघराच्या दारात शीतल चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. तिचा चेहरा बघवेना. चार स्थळं नशिबानं मोडली, पाचवं माझ्या पातेल्यानं मोडणार. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

तात्या माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय हाय त्या पातेल्यात?"

"पिठलं."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच, तात्या."

"मंग हिकडं आन की. माझंच हाय, मीच खातो."

दत्तूनं खुर्ची सरळ केली. तात्या बसले, भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि सगळ्यांच्या देखत शांतपणे घास घेतला. सतरंजीवर कुणी हलेना. तात्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "मीठ लई झालंय. पातेल्यात रडली का काय तुझी बायको?"

पहिल्यांदा मिशा हलल्या. मग मिशीवाल्यांचं पोट हलायला लागलं. मग सगळी सतरंजी. चपला शोधणारे परत येऊन बसले. रफिकभाई तर भिंतीला धरून हसत होते. मुलाच्या वडिलांनी डोळे पुसले आणि स्वतःच हात पुढं करून एक भाकरी मागून घेतली.

"दत्तूभाऊ," ते म्हणाले, "लगीन तुमच्याच दारात. जित्या मानसासाठी जिथं शेजारी एवढा रडतो, ते दार सोडायचं न्हाई आपल्याला."

मी तिथंच दुसऱ्यांदा रडलो. या वेळी कारण खरं होतं.

लग्न गल्लीतच झालं. रफिकभाईंच्या दारापासून तात्यांच्या दारापर्यंत मांडव. माईकवर पुढाऱ्यांची नावं संपता संपेनात, आणि प्रत्येकाला शाल-नारळ. मी आपला मागच्या रांगेत लपून बसलेलो. तेवढ्यात तात्यांनी निवेदकाच्या हातातून माईक काढून घेतला आणि माझं नाव पुकारलं. म्हटलं, चला, म्हाताऱ्यानं शेवटी आपली किंमत ओळखली. केसांवरून हात फिरवत, छाती काढून गेलो. तात्यांनी अंगावर शाल घातली. नारळासाठी ओंजळ पुढं केली, तर तिच्यात शेवग्याच्या शेंगांची जुडी.

आणि भर मांडवात माईकवर तात्या म्हणाले, "पावणं, हे आमचे कंडक्टर. माझ्या मयताला सगळ्यात पयले हेच आले व्हते. आन् माकडं म्हनत व्हतो ना मी, ती बी हेच."

टाळ्या काही थांबेनात. सगळ्यात जोरात कोण वाजवत होतं, बघायला मी मान वळवली, तर आमची ही.