तिसरी दाढ काढायला गेले तेव्हा

खरं सांगायचं तर त्या वर्षी मी देवाशी बोलणंच सोडलं होतं. उजव्या गालात वीज चमकावी तशी कळ यायची. दात घासताना, घास चावताना, नुसत्या वाऱ्यानेसुद्धा. दाताच्या डॉक्टरांनी एकामागून एक दोन दाढा काढल्या, कळ तिथेच. मग डोक्याचा एमआरआय झाला. रिपोर्ट नॉर्मल. आमचे हे म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे." महादेवाचं नाव घ्यायला ओठ हलवले तरी कळ यायची. ज्याचं नाव घेतलं की शिक्षा होते, त्याला हाक कशाला मारायची?

तिसरी दाढ काढायला मी कात्रपहून उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या दवाखान्यात गेले. डोक्यावर पंखा फिरत होता, म्हणून पदराचा आडोसा धरून बसले होते. शेजारच्या वयस्कर सिंधी बाई बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हवा लगते ही करंट मारता है ना, बेटी?" इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मला रडू आलं.

"ये दाँत नहीं, नस है. मेरे तो चार निकाले, तब पता चला. नस के डॉक्टर के पास जा. बोल, उसी नस का एमआरआई करो, बारीक वाला."

नंबर सोडून मी उठले. त्यांचं नावही विचारलं नाही.

नसांच्या, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्या तपासणीत ती नस बारकाईने पाहिलीच नव्हती, म्हणाले, आणि पुन्हा एमआरआय सांगितला. मशीनमध्ये डोकं जखडलेलं, जराही हलायचं नाही. कळ आली असती तर सगळं वाया. मी महादेवाला मनातच, भांडल्यासारखं म्हटलं, "आता तुझं तू बघ." मशीन ठकठकत राहिलं. कळ आली नाही. चमत्कार म्हणत नाही मी. ती कधी कधी अशीही थांबायची.

एक रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसली. डॉक्टरांनी पेनाने दाखवली. ह्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि बाहेर आल्यावर विचारलं, "भाजी घ्यायची का जाताना?"

गोळ्यांनी आता बरंच बरं आहे. त्या बाईंना त्या बाकावर कुणी बसवलं, हे मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी रोज हात जोडते. पण दोन चांगल्या दाढा गेल्या, आणि ते 'मनाचे खेळ' अजून कानात आहेत. शरण जायचं तर आधी माफ करावं, असं कीर्तनात ऐकलं होतं. मला ते जमत नाही. मग जमत नाही, हेच त्याच्या पायाशी ठेवते. तो तेही घेतो.