चुडीवालीनं माझ्या हातात बांगड्या भरल्या

अशी जवळ बस पोरी, दारातूनच पळत नको जाऊ.

इंग्रजाच्या राज्यात, मी बारा वर्षांची असतानी नवरा मेला अन् माझ्या बांगड्या फोडल्या. पुढं मालेगावची एक चुडीवाली अंगणात बसली. बायांचे हात चोळून मऊ करे, मंगच काच चढवे. तिनं मलेही बोलावलं.

काकू म्हणे, "रांडावली हाय ते."

"आदमी मेला, हिचे हात थोडेच मेले?" म्हणत तिनं मले चार हिरव्या भरल्या.

बायांनी त्या तिथंच फोडल्या, तिले हाकललं. ते पुन्हा आली नाही. आता त्यांच्याच विधवा नाती बांगड्या घालतात, अन् सांगतात, "जमाना बदलला." जमान्यानं काय केलं? तिनं केलं, अन् त्या बायांनी तिचंच पोट मारलं.

लवकर येजो माय, एवढा राग एकटीच्यानं सांभाळला जात नाही.