रुखमाबाईच्या हातची भाकर

शांतवन वानखडे मारेगावात पाळक होता. त्याचं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि सहा बाकं. पंचवीस वर्षांत त्यानं एक रविवार चुकवला नव्हता. ताप असला तरी घोंगडी पांघरून उपदेश करायचा. १९५९च्या जानेवारीत मात्र तो मध्येच थांबला. दुखावलेल्या माणसाच्या दारी आपण होऊन जावं, असं सांगत होता. वाक्य अर्धं राहिलं. मंडळी वाट पाहत बसली. तो खाली उतरला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसला.

मंडळीतले जुने माणूस बबनराव. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधून त्यांचे तळवे लाकडासारखे झाले होते. ते म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही थकले. मिशनले लिहून देतो. तीन महिने सुटी घ्या, फिरून या. समुद्र पाहून या."

"समुद्र पाहून काय करू?"

"मंग डोंगर पाहा. पण इथं बसून आम्हाले असं तोंड नका दाखवू."

सुटी मिळाली. शांतवननं आर्णीचं तिकीट काढलं. पुढं मोटारीची वाट न पाहता तो फुलसावंगीकडं पायी निघाला. तिथं त्याची थोरली बहीण राहत होती.

रुखमाबाईनं त्याला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ती तेराची. मधली भावंडं जगली नव्हती, म्हणून याचं नाव उकंडा ठेवलेलं. लग्न होऊन सासरी गेली तेव्हा ती त्याला कडेवर घेऊन गेली. सडकेच्या कामावर तिनं मातीची टोपली वाहिली आणि त्याला मिशनच्या बोर्डिंगात घातलं. तिथं तो शिकला, ख्रिस्ती झाला, शांतवन झाला. तिनं त्यालाही हरकत घेतली नाही.

१९३४ साली पाळक होऊन तो पहिल्यांदा तिच्या घरी गेला. त्या दिवशी मरीआईचा नैवेद्य होता. तिनं देवीपुढं ताट ठेवलं, हात जोडले आणि त्याच अन्नातून भावाला वाढलं. तो पानावरून उठला. तेवीस वर्षांचा होता. म्हणाला, "बाई, हे देव या घरात आहेत तोवर मी इथं अन्नाला शिवणार नाही."

ती म्हणाली, "बरं."

त्यानं शब्द पाळला. बावीस वर्षं. वर्षाआड जायचा, पाणी प्यायचा, पिशवीतले फुटाणे खायचा आणि परत निघायचा. आपण फार अवघड काम करतो आहोत, असं त्याला वाटायचं. समोर चुलीपाशी बसून ते पाहणं किती अवघड, हा हिशेब त्याच्या मनात आला नाही.

छप्पनच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा झाली. रुखमाबाई मुलासोबत, भीमराजसोबत, तिथं गेली होती. परत आल्यावर तिनं देव टोपलीत भरले आणि नदीत सोडले. ती बौद्ध झाली ती स्वतःच्या मनानं, कोणासाठी नाही. पण आठव्या दिवशी तिनं भीमराजकडून एक कार्ड लिहून घेतलं: "देव घरात नाहीत. आता जेवायला ये."

ते कार्ड पोचलं त्या आठवड्यात शांतवनच्या मंडळीतली चार घरंही दीक्षा घेऊन चर्च सोडून गेली होती. त्याचं डोकं तापलेलं होतं. त्यानं बहिणीला चार पानी पत्र लिहिलं. नुसते देव टाकून भागत नाही, तू चुकीच्या वाटेला लागलीस, असं. कार्डात जेवायला बोलावलं होतं. पत्रात जेवणाचा शब्द नव्हता. उत्तर आलं नाही. सव्वादोन वर्षं गेली आणि एका रविवारी वाक्य अर्धं राहिलं.

चालणं त्याला जड गेलं. पाळकाचे पाय सायकलीचे. पहिल्या दिवशी टाचेला फोड आला, दुसऱ्या दिवशी फुटला. महागावच्या अलीकडं लखीराम नावाचा बंजारा सरकीची पोती घेऊन गाडी हाकत होता. त्यानं बैल थांबवले.

"मास्तर, पैदल कायले?"

"मास्तर नाही, पाळक आहे. देवाचं काम करतो."

"मंग देवानं गाडी नाई देल्ली? बस वरतं."

शांतवन पोत्यांवर बसला. कुठं जाता, असं लखीरामनं विचारलं. बहिणीकडं जेवायला, असं त्यानं सांगितलं.

"एवढ्या लांब? भलती सुगरण असन!"

शांतवन पंचवीस वर्षांपूर्वीची चव आठवायचा प्रयत्न करत राहिला. आठवली नाही.

फुलसावंगीत पोचला तेव्हा दुपार होती. भीमराज कामावर गेला होता. सून नलू अंगणात तूर पाखडत होती. तिनं पदर सावरला, पाणी दिलं आणि हळू म्हणाली, "मामाजी, मायची तब्येत ठीक नाई. मागच्या पावसाळ्यात उजवं अंग गेलं."

"मला कळवलं का नाही?"

"मायनं नाई म्हणलं. तुमचं पत्र आलतं ना, तवापासून तुमचं नाव काहाडू देत नव्हती."

रुखमाबाई आत खाटेवर होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिच्याखाली देवळी रिकामी, चुन्यानं पोतलेली. रुखमाबाईचा उजवा हात मांडीवर उलटा पडला होता. बोलणं जड, पण समजत होतं.

"उकंडा, आला? सुटी देवानं देल्ली का साहेबानं?"

"बाई, मी जेवायला आलो."

तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि हाक मारली, "नलू, याले काई वाढू नको. हा माह्या हातचं खायले आला."

त्या दिवसापासून ते काम सुरू झालं. नलू तिला भिंतीला टेकवून बसवायची, पुढ्यात काठवट ठेवायची, ज्वारीचं पीठ मळून उंडा करून द्यायची. एवढंच तिनं नलूला करू दिलं. थापायचं ती स्वतः. भाकर दोन हातांनी होते: एक थापतो, दुसरा कड सांभाळून तिला फिरवत ठेवतो. फिरली नाही तर ती एका अंगाला पातळ होते आणि काठवटीला चिकटते. रुखमाबाई डाव्या हातानं थापायची. भाकर फिरायची नाही. उचलायला गेली की मधून दोन तुकडे. ती पीठ गोळा करून पुन्हा थापायची. तिसऱ्यांदा तुटलं की कपाळ ओलं व्हायचं आणि मान भिंतीला टेकायची.

"बाई, तो तुकडाच दे. मी खातो."

"तुकडे पाहुण्याले नाई देत."

चार दिवस असेच गेले. शांतवन देवळाजवळच्या हाटेलात जाऊन भजी खायचा आणि काही न खाल्ल्यासारखा परत यायचा. नलूनं पाहिलं. "मामाजी, मिशी पुसा," ती म्हणाली. "माय आंधळी नाई." खाटेवरून आवाज आला, "खाऊ दे वं त्याले. फुटाण्यापक्षा भजे बरे."

ती हसली होती. शांतवनलाही हसू आलं आणि त्यात डोळे भरले.

सहाव्या दिवशी तो बाही दुमडून तिच्या उजव्या अंगाला बसला. "तू थाप. मी फिरवतो."

ती नाही म्हणाली नाही. तिनं डावा तळवा ओला केला आणि थापायला लागली. तो बोटांनी कड धरून फिरवत होता. त्याची बोटं पुस्तकाची. पहिली भाकर त्यानं फाडली. "हळू. गाडीचं चाक हाय का थे?" दुसरी फाटली. तिसरी मात्र वाटोळी झाली. दोघांनी मिळून ती उचलली, तव्यावर टाकली. नलूनं वरून पाण्याचा हात फिरवला. भाकर फुगली.

नलू ओरडली, "झाली वं माय!"

शांतवननं ताट पुढं ओढलं. रुखमाबाईनं तव्याकडं पाहिलं. मग त्याच्या पीठ लागलेल्या बोटांकडं.

"थे माह्या हातची नाई."

"अर्धी तरी तुझीच आहे, बाई. मला तेवढी पुरे."

"बावीस साल माहे दोनी हात होते, उकंडा."

ती रागावून बोलली नाही. पाऊस किती पडला ते सांगावं, तशी बोलली. उपदेशात शांतवननं शेकडोंना माफी मागायला शिकवलं होतं. त्यानं आपलं डोकं तिच्या निर्जीव हातावर टेकलं. हाताला ते कळलं नाही.

काही वेळानं ती म्हणाली, "नलू, थे भाकर बकरीले टाक. तू दुसऱ्या कर. याले पोटभर वाढ. माह्यानं आता होत नाई."

नलूनं तीन भाकरी केल्या. पातळ, एकसारख्या. सोबत अंबाडीची भाजी आणि ठेचा. शांतवन त्या भाकरींसाठी आला नव्हता. पण रुखमाबाई भिंतीला टेकून प्रत्येक घासाकडं पाहत होती, म्हणून तो जेवत राहिला. ताट पुसून खाल्लं.

"पोट भरलं?"

"भरलं."

"खोटं नको बोलू. पाळक हायस तू." ती खाटेवर सरकायला लागली. नलूनं तिचे पाय वर घेतले. "जाय आता. तुही मंडळी वाट पाहत असन."

"सुटी बाकी आहे, बाई. राहतो मी."

"कायले?"

सकाळी त्यानं पिशवी उचलली. पाया पडायला वाकला, तर तिनं डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"परत कधी येऊ?"

"कव्हाबी ये," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. "नलू भाकरी चांगल्या करते."