भिमाबाईच्या झग्याची खोली

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये सुदामने तीस वर्षं दुकानांची शोकेस बनवली. साडीवाले, नकली दागिनेवाले, सगळे त्याचंच गिऱ्हाईक. "साईं, माल डबल दिसना चाहिए," असं सिंधी शेठ म्हणाला की सुदाम मागे आरसा ठोकणार म्हणजे ठोकणारच.

अंबरनाथला त्याच्या वस्तीतल्या विहाराशेजारी लोकांनी छोटंसं संग्रहालय काढलं. वस्तू घराघरांतल्या, पण हॉल कारखान्याच्या शेडएवढा उंच! सुदामची आई भिमाबाई हिने आपला पांढरा झगा दिला. छप्पन साली, सहा वर्षांची असताना, तो घालून ती नागपूरला दीक्षेला गेली होती. तिच्या आईने स्वतःचं लुगडं फाडून शिवलेला, आजवर ट्रंकेत जपलेला. "लोक थांबून बघतायत, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचंय मला," ती म्हणाली.

सुदामने जीव ओतला. जमिनीपासून पाच फुटांवर शोकेस, वरून लाईट आणि मागे आरसा. दुसरं काय करणार तो!

पहिल्या रविवारी तो कोपऱ्यात उभा राहिला. लोक येत, आधी छताकडे बघत, "काय हाईट आहे यार!" म्हणत. मग शोकेसपाशी येऊन केस नीट करत आणि पुढे जात. झगा त्या हॉलमध्ये रुमालाएवढा दिसत होता.

"पप्पा, तुम्ही तर दुकान मांडलंत," मुलगी यशोधरा म्हणाली. सुदामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई पुढच्याच रविवारी येणार होती.

त्याने आरसा उखडला. कोपऱ्यात प्लायची खोली केली. छत सात फुटांवर, दार जेमतेम साडेचार. झगा सहा वर्षांच्या पोरीच्या अंगावर असता तेवढ्याच उंचीला टांगला.

"दार एवढं बुटकं? लोक शिव्या घालतील," यशोधरा म्हणाली.

"घालू देत. आत येऊन घालतील ना!"

रविवारी लोक वाकून आत शिरत आणि झग्यापाशी थांबत. तेवढ्याशा जागेत दुसरं बघायला होतंच काय? झग्यासमोर उकिडवे बसून हातशिलाई बघत.

भिमाबाई आली. पाठीत पार वाकलेली.

"आई, डोकं सांभाळ," सुदाम पटकन म्हणाला. पण दार तिच्या मापाचंच निघालं. ती तशीच आत चालत गेली. झग्यासमोर बसलेली एक अनोळखी बाई जागा द्यायला उठू लागली.

"बस गं, बघ तू," भिमाबाई म्हणाली. "बाह्या आखूड झाल्या म्हणून लई रडले होते मी."

बाई पुन्हा खाली बसली आणि बाह्या निरखू लागली. भिमाबाई त्या बाईकडेच बघत उभी राहिली.