जावयाच्या फळीची चकाकी

बापू मेस्त्रींच्या ओसरीवर आम्ही मंडळी बसलो की एक किस्सा संपेपर्यंत दुसरा दारात चपला काढत असतो! बापूंनी जन्मभर गाड्या रंगवल्या, त्यामुळे किस्से बहुतेक चकाकीचेच. त्यातही जावयाच्या सर्फबोर्डाचे जास्त.

*

जावई मालवणचा, समुद्रकाठच्या हॉटेलात नोकरीला. लाटेवर उभं राहायची ती लांबडी फळी त्याला कुणा गोऱ्या पाहुण्यानं दिलेली. उन्हानं पिवळी पडली म्हणून त्यानं ती एसटीच्या टपावरून सासऱ्याकडं पाठवली. उतरवून घेताना कंडक्टर म्हणाला, "पावणं, एवढं मोठं इस्त्रीचं टेबल? हत्तीची कापडं करताय काय?"

*

बापूंचं दुखणं वेगळंच. लग्नाला तीन वर्षं झाली, पण जावयानं सासऱ्याच्या एकाही कामाला 'वा' म्हटलं नव्हतं. त्याची मोटारसायकल नव्यासारखी रंगवून दिली, तर म्हणाला, "बरी आहे." बापूंना दोन दिवस जेवण गेलं नाही! "ह्या दिवाळीला त्याच्या तोंडातनं 'वा' काढतो का न्हाय बघा!" मला खरंच वाईट वाटायचं त्यांचं.

*

फळीच्या वरच्या अंगावर पांढरट, चिकट थर होता. बापूंच्या घरच्या काकू उलथनं घेऊन बसल्या. "ह्यापरास दुधाच्या पातेल्याची खरवड परवडली!" दोन दुपारी गेल्या तेव्हा कुठं थर निघाला.

मी म्हटलं, "जावयाला एसटीडीवरनं विचारूया की, काय असतंय ते."

बापू भडकले. "चाळीस वर्सं पॉलिश करतोय मी. मळ वळखाय फोन करू व्हय?"

*

मग शेजारचे अण्णा आले. पाडव्याला गावात म्हशी नटवून मिरवतात, त्यात अण्णांची म्हैस कायम भाव खाऊन जाते. "ह्या घासायच्या कंपाउंडानं काय हुतंय? खोबरेल चोळा!" आठवडाभर दोघांची जुंपली. शेवटी सगळंच झालं. भिजवून घासायचा वॉटर पेपर, कंपाउंड, गाडीचं पॉलिश आणि वर खोबरेल! गल्लीतल्या बायका फळीत बघून टिकली लावायला लागल्या.

*

खंडेनवमीला हत्यारांबरोबर फळीही पूजेला मांडली. काकू कुंकू घेऊन थबकल्या. "हिचं तोंड कुठलं आन् शेपूट कुठलं?"

अण्णांनी फळी उलटी करून एका टोकाची खालची पाती दाखवली. "शिंगं हिकडं हायत की! मग तोंड बी हिकडंच."

कुंकू तिथंच लागलं.

*

दिवाळीत ट्रॅक्स गाडी ठरवून राधानगरीमार्गे आम्ही सगळे मालवणला. जावयानं घाईनं फळी काखोटीला मारली. ती घेऊन पाण्यात गेला. लाट आली, तो उभा राहिला आणि ओल्या साबणासारखा निसटला! असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी फळी एकटीच किनाऱ्याला आली, चकचकीत.

मागनं जावई आला. नाकातोंडात पाणी. "मामा, पाय घसरू नये म्हणून मी वर मेण लावलं होतं. ते कुठं गेलं?"

"एक कण ठेवला न्हाय!" बापू छाती काढून म्हणाले.

जावयानं फळीवरनं बोट फिरवलं. मग त्यानं सासऱ्याला कोपरापासून हात जोडले. "वा!"

बापूंनी डोळे पुसले. "अण्णा, ऐकलं न्हवं?"