वरणातले थेंब

"स्किझोफ्रेनिया," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. माझा धाकटा भाऊ विनय शेजारच्या खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होता. वय सव्वीस, पवईला एका कंपनीत कामाला. स्किझोफ्रेनिया म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेल्या गोष्टींची खात्री पटणं. अशा खात्रीला डिल्युजन म्हणतात. पुरावा दाखवला तरी ती हलत नाही. विनयची खात्री अशी होती, की आम्ही त्याच्या जेवणात काहीतरी मिसळतो.

तेव्हा मिसळत नव्हतो. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे तसं म्हणता येणार नाही.

गोळ्या तो जिभेखाली धरायचा आणि गॅलरीतल्या मनी प्लांटच्या कुंडीत टाकायचा. पंधरा दिवसांत मनी प्लांट तेवढा शांत दिसू लागला.

डॉक्टर म्हणाले, "पातळ औषध देतो. रंग नाही, चव नाही. पण त्याला सांगून द्या." आम्ही वाक्याचा पहिला भाग ऐकला. मुलुंडहून घाटकोपरला घरी पोचेपर्यंत मावशीचा फोन आला होता. "वरणात टाक गं, कळणारसुद्धा नाही!" मावशीला कुठल्याच विषयात शंका नसते.

आई रोज त्याच्या वाटीत थेंब मोजून टाकू लागली.

आणि तो सुधारला. झोपू लागला, दाढी करू लागला, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागला. श्रेय मावशीने आपल्या उपवासांना दिलं. चौथ्या महिन्यात एका दुपारी तो मला म्हणाला, "ताई, डोकंच फिरलं होतं ना माझं? आई काय जेवणात घालणार यार!"

"तेच ना," मी म्हणाले. त्यानंतर मी बरंच काही बोलले असेन, पण हे दोन शब्द विसरता येत नाहीत.

त्याच आठवड्यात तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. आईच्या हातात ड्रॉपर होता.

"काय आहे ते?"

"हिंगाचं पाणी रे, विनू."

त्याने बाटली घेऊन नाव वाचलं. ते त्याच्याच फाइलमध्ये लिहिलेलं होतं. तो ओरडला नाही. हसला. "म्हणजे मी बरोबर होतो."

तीन दिवस त्याने काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी ॲडमिट करावं लागलं. तिथे परक्या माणसांनी वाढलेलं ताट त्याने मुकाट्याने संपवलं. आई काचेच्या दारातून बघत होती.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजार त्याला खोटं सांगत होता. तुम्ही ते खरं करून दाखवलंत."

डिस्चार्जच्या दिवशी खाली मानसिक आरोग्याचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले, समई पेटेना म्हणून आणखी उशीर, मग "मन प्रसन्न ठेवा" यावर अर्धा तास. तोवर ओपीडी बंद. विनय माझ्या कानात म्हणाला, "ताई, माझा बेड रिकामा झालाय. ह्या पाहुण्यांना देऊन टाक ना."

तुमच्या घरी असं कोणी असेल तर सांगून औषध द्या. नाही म्हणाला तर भांडा, डॉक्टरांपुढे बसवा, पुन्हा भांडा. त्याच्या ताटाला मात्र हात लावू नका.

विनय आता गोळी स्वतः घेतो. पाकीट स्वतः फोडतो आणि गिळून झाली की आम्हाला जीभ काढून दाखवतो, न विचारता.

आमच्याकडे आई कायम सगळ्यांच्या शेवटी जेवायची. आता ती पहिली जेवते. विनय पातेल्यातलं वरण ढवळून आधी तिच्या वाटीत वाढतो आणि समोर बसतो.

मागच्या रविवारी मावशी आली होती. तिचे डोळे भरून आले. "किती गुणी पोर! आईला आधी वाढतो."

आई मान डोलवून चावत राहिली. विनय तिच्या गळ्याकडे बघत होता. घास खाली उतरला, तेव्हा त्याने स्वतःचं ताट पुढे ओढलं.